मागील शिल्लक

माझे आजोबा संस्थानी काळात देवास येथील एका सरदार घराण्याच्या कोठीवर कारकून होते, आणि त्यांच्या मागे आम्हा नातवंडांच्या वाट्यास जे काही आले त्यात दोन पितळी दौती, एक मोडके कलमदान आणि लाल खारव्यात बांधलेल्या सात-आठ कीर्दी यांखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. कीर्दी मोडीत आहेत. मला मोडी वाचता येत नाही. परंतु प्रत्येक पानाच्या माथ्यावर तिथी-वार लिहून झाल्यावर जमेच्या बाजूस पहिल्याच ओळीत जे शब्द येतात ते कोणते, हे आजोबांनी माझे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरविले असल्यामुळे मी ते आजही ओळखते. ते शब्द 'मागील शिल्लक' हे होत. काल जे आले त्यातून जे गेले ते वजा जाता हाती राहिले ते आजच्या पानावर सर्वांच्या आधी मांडावयाचे, मग आजची आवक दहा रुपयांची असो वा दहा हजारांची, तिचा क्रम दुसरा, असा त्या दफ्तराचा रिवाज होता. आणि जो कारकून मागील शिल्लक ओढावयास विसरला त्याचा त्या दिवसाचा सारा हिशेब, बेरजा बिनचूक असल्या तरी, खोटा ठरे.

हा शब्द कोठीवरून आमच्या स्वयंपाकघरात केव्हा आला कोण जाणे. मला समजू लागले तेव्हा तो तेथे रुळलेला होता. रात्री निखारे राखेखाली सारून झाले, भांडी पालथी घालून झाली, की आजी आईला विचारी, "आज शिल्लक काय गं?" आणि आई सांगे: वरण दोन पळ्या, पोळ्या पाच, भात मूठभर, दोडक्याची भाजी नावाला. एवढे ऐकून आजी क्षणभर डोळे मिटून बसे, आणि डोळे उघडी तेव्हा उद्याच्या सकाळचा बेत ठरलेला असे. 'शिळे' हा शब्द मात्र ती स्वतः उच्चारीत नसे, आणि दुसऱ्या कोणी उच्चारला तर तिच्या कपाळावर आठी उमटे. मला वाटे, तिन्हीसांजेनंतर काही शब्द वर्ज्य असतात त्यांतलाच हा एक असावा. कारण निराळे होते, आणि ते तिने मला माझे लग्न ठरल्यावर सांगितले.

१९२० च्या सुमारास, वयाच्या बाराव्या वर्षी, ती साताऱ्याकडून सून होऊन देवासास आली. तिच्या सासूबाईंनी विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा, दुष्काळ पाहिला होता. माळव्यात त्याला अजूनही 'छप्पनिया' म्हणतात. ज्या प्रांताची ख्याती पावलागणिक भाकरी आणि पावलागणिक पाणी अशी होती त्या प्रांताचा गर्व त्या वर्षाने उतरविला. अन्नाचा कण वाया जाऊ द्यावयाचा नाही हा त्या माउलीचा धर्म झाला यात नवल नाही. परंतु त्या धर्माचे आचरण साऱ्या घराने वाटून घेतले नव्हते. पुरुषांची पंगत उठे, मग मुले, मग वडीलधाऱ्या बायका, आणि सर्वांच्या शेवटी सून. तिच्या पानात प्रथम कालचा भात, कालची भाकरी, आणि ते संपून भूक उरलीच तर आजचे. आजचे जे उरे ते उद्या पुन्हा तिच्याच पानात येई. "दोन वर्षांत," आजी म्हणाली, "ताज्या भाताची वाफ तोंडावर कशी येते ते मी विसरून गेले होते. घरात रोज ताजे शिजत होते आणि मी रोज एक दिवस मागे जेवत होते."

पुढे यथाकाल किल्ल्या तिच्या कनवटीस आल्या, तेव्हा तिने दोन नियम केले. पहिला, उरलेले अन्न जसेच्या तसे पानात वाढावयाचे नाही. त्याचे रूप पालटून, त्याला नाव देऊन वाढावयाचे. दुसरा, वाढावयाचे तर पहिल्या पंगतीपासून, सर्वांना, आणि सर्वांत आधी घरच्या यजमानांच्या पानात. आजोबांपुढे ज्या दिवशी प्रथम कालच्या पोळ्यांचा कुस्करा आला त्या दिवशी घरात श्वास रोखला गेला असे ती सांगे. त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला, हात धुतला, आणि पान-सुपारी घेताना एवढेच म्हणाले की शिल्लक कोठीची असते, एकट्या कारकुनाची नव्हे. शब्द घरात आला तो बहुधा त्याच दिवशी.

उरलेल्या अन्नाच्या उपयोगाविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात काटकसरीची स्तुती पुष्कळ असते. त्या काटकसरीचा भार कोणाच्या पोटावर पडत आला हे फारसे कोणी विचारीत नाही. आजीच्या पाककौशल्याचे मूळ मला कृपणतेत कधीच दिसले नाही. जे अन्न एकीच्या पानात दडपले जात होते ते सर्वांच्या पानात मानाने यावे यासाठी तिने ते कौशल्य कमावले होते. चव चांगली असल्यावाचून पुरुषांनी ते खाल्ले नसते, म्हणून ती चवीच्या मागे लागली.

देवास हे गाव वाटणीचे जाणते. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या दोघा पवार बंधूंनी येथे राज्य केले आणि त्यांच्या वंशजांची थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात, एकाच टेकडीच्या पायथ्याशी, नांदत राहिली. दोन राजे, दोन वाडे, दोन कारभार. १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून येथे राहून गेलेला इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर या अजब व्यवस्थेने चकित झाला, आणि १९५३ साली त्याने येथील पत्रांचे जे पुस्तक प्रसिद्ध केले त्याला नाव या टेकडीवरूनच दिले. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. कोणती वस्तू कोणाच्या वाट्याची, याचा काथ्याकूट करण्यात ज्या गावाच्या पिढ्या गेल्या त्या गावात राहून आजीने घरातील सर्वांत नकोशा वस्तूची वाटणी केली, आणि तिच्यावर तंटा होऊ दिला नाही.

मराठीत या विषयाची शब्दसंपत्ती किती सूक्ष्म आहे हे पाहिले म्हणजे आपल्या पूर्वजांनी त्यावर किती विचार केला होता ते ध्यानी येते. उष्टे, खरकटे, शिळे, उरलेले, हे चार शब्द चार न्याय सांगतात. पानात घेऊन तोंड लागलेले ते उष्टे; ते परत भांड्यात जात नाही, त्याचे काहीही करता येत नाही, म्हणूनच आमच्या घरी पानात टाकणे हा अक्षम्य अपराध होता आणि पहिल्या वाढीस आजीची पळी नेहमी अर्धीच भरलेली असे. पाण्यात शिजले ते खरकटे. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी त्यातून सुटे, आणि म्हणूनच ती प्रवासाच्या शिदोरीत बांधली जाई. शिळे हा शब्द तर 'शीतल' या शब्दापासूनच आलेला. त्यात मुळात नासलेपणाचा गंधही नाही, फक्त निवलेपण आहे. आणि या तिघांहून वेगळे ते उरलेले, जे पातेल्यात आहे, स्वच्छ आहे, ज्याला अद्याप भवितव्य आहे.

शास्त्रकारांनीही हा भेद केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळे अन्न तामसी लोकांच्या आवडीचे म्हणून सांगितले आहे हे सर्वांना माहीत असते. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पर्युषित अन्नाला जे अपवाद केले आहेत ते क्वचितच कोणी सांगतो. स्नेहयुक्त, म्हणजे तूप-तेल लागलेले, अन्न शिळे असूनही भक्ष्य आहे. जव-गव्हाचे पदार्थ आणि दुधाचे विकार तर स्नेहावाचूनही भक्ष्य आहेत. स्वयंपाकघरात उभे राहून हा फैसला वाचला म्हणजे त्यामागे कोणीतरी परडी, फडताळ आणि शिंके यांचा प्रत्यक्ष अनुभव घेतला असावा असे वाटू लागते. गव्हाची भाजलेली पोळी रात्रभर टिकते, वरण टिकत नाही. पुरी टिकते, भात टिकत नाही. ज्यात पाणी थोडे ते राहते आणि ज्यात पाणी अधिक ते आंबते, हे ज्ञान आजीच्या हातांत होते; ग्रंथ तिने पाहिलेला नव्हता.

आता तिच्या हातांविषयी. पाच पोळ्या उरल्या तर त्या सकाळी परातीत घेऊन ती बोटांनी कुस्करी. मोठा तुकडा राहिला तर फोडणी आत जात नाही आणि पीठ झाले तर लगदा होतो, म्हणून कुस्करा पोह्याएवढा हवा. कढईत तेल, मोहरी तडतडली की हिंग, हळद, शेंगदाणे, उभा चिरलेला कांदा. कांदा पारदर्शक झाला की कुस्करा, मीठ, साखरेची चिमूट, वरून ताकाचा शिपका, आणि झाकण. ते ताक हेच तिचे मर्म होते: वाळलेली पोळी ते पिऊन मऊ होई आणि आंबटपणाने शिळेपणाची आठवण पुसून टाकी. या पदार्थाला काही घरांत नुसती फोडणीची पोळी म्हणतात, काही घरांत माणिकपैंजण. आजी दुसरे नाव घेई, आणि मुले त्या नावासाठीच पानावर बसत. नाव देणे ही पाककृतीची शेवटची पायरी आहे, असे मी याच घरात शिकले. इंदूरचे चित्रकार विष्णू चिंचाळकर, ज्यांना सारा माळवा गुरुजी म्हणे, वाळकी काटकी किंवा झाडाच्या सालीचा तुकडा उचलून त्यात दडलेला पक्षी वा माणूस दाखवीत. त्यांची ती कला पाहताना मला आमच्या कढईची आठवण होई, कारण टाकून दिलेल्या वस्तूत आकृती आधीच असते आणि ती पाहणारा डोळा तेवढा हवा असतो, ही गोष्ट दोन्हीकडे एकच होती.

उरलेल्या वरणात पाणी न घालता कणीक, तिखट, ओवा घालून ती पराठे लाटी. वरण पुष्कळ असेल तर त्यात चिंच-गुळाचे पाणी वाढवून कणकेच्या शंकरपाळ्याएवढ्या चकोल्या सोडी, आणि त्या रात्री दुसरे काही करावे लागत नसे. भाजी थोडी उरली तर ती ज्वारी-बेसनाच्या पिठात मळून थालिपीठ. दोडक्याच्या शिरा, दुधीची साल, कोथिंबिरीचे देठ हे तिच्या लेखी उरलेलेच नव्हते. ती चटणीची सामग्री होती, तीळ आणि खोबऱ्याबरोबर परतून पाट्यावर वाटावयाची. लोणी कढविल्यावर तळाशी राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर पडे. ताक फार आंबले की कढी. आणि पुरणाचा दिवस असला म्हणजे हा सारा विचार अगोदरच केलेला असे, कारण डाळ शिजविलेले पाणी ओतून न देता त्याची कटाची आमटी करावयाची हे ज्या गृहिणीने प्रथम ठरविले तिने सणाच्या पाककृतीतच शिल्लक ओढून ठेविली. दुसऱ्या दिवशी ती आमटी अधिक मुरते आणि दुधाबरोबर कालची पुरणपोळी आजच्या पोळीहून अधिक चांगली लागते, याला माझ्याप्रमाणे अनेकांची साक्ष मिळेल.

माळव्यातील मराठी घरांना एक जादा विद्या शेजारून मिळाली, ती बाफल्यांची. गव्हाच्या जाडसर कणकेचे गोळे उकडून, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजून, फोडून, तुपात बुडविलेले हे बाफले पाहुणे आले की शंभराच्या हिशेबाने होत आणि कितीही अंदाज बांधला तरी दहा-बारा उरत. माळव्याच्या स्त्रिया ते दुसऱ्या दिवशी कुटून, गूळ किंवा साखर आणि आणखी थोडे तूप घालून त्यांचा चुरमा करतात. तूप आत मुरलेले असल्यामुळे बाफला रात्रभरात बिघडत नाही, आणि कुटताना त्याचा जो रवाळपणा राहतो तो ताज्या बाफल्यात मिळणारच नाही. मला वाटते, शिल्लक हीच जेथे गुण ठरते असे जे थोडे पदार्थ आहेत त्यांतला हा एक.

दुसरा फोडणीचा भात. ताज्या मऊ भाताला फोडणी दिली तर त्याचा गोळा होतो. कालचा भात मात्र दाणा दाणा सुटा राहतो. याचे कारण असे की भात निवताना त्यातील पिष्ट पुन्हा घट्ट बांधले जाते आणि दाण्याला अंग येते. पोळी वाळून कडक होते तीही बव्हंशी याच क्रियेने, आणि ताकाच्या शिपक्याने व वाफेने ती क्रिया उलटते. भात अगदीच पुष्कळ उरला आणि उन्हाळा असला तर आजी त्यात मीठ, जिरे, मिरची घालून सांडगे तोडी आणि गच्चीवर वाळवी. देवासची हवा कोरडी; क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली याच हवेसाठी येथे आले आणि मग जन्मभर येथेच राहिले. तीच हवा दोन दिवसांत सांडग्यांचा खडखडाट करी.

वर्षातून एक दिवस मात्र आमच्या घरात शिळे हा शब्द मोठ्याने उच्चारला जाई, आणि तो एकदा नव्हे, दोनदा. माळव्यातले शेजारी होळीनंतर सातव्या दिवशी शीतला सप्तमी पाळतात. त्यांच्या पंचांगाने ती चैत्राची, आपल्या पंचांगाने फाल्गुन वद्याची. त्या दिवशी चूल पेटवावयाची नाही. आदल्या रात्री केलेल्या पुऱ्या, गोड भात, दहीभात असे थंड अन्न देवीला दाखवून तेच सर्वांनी खावयाचे. आणि महाराष्ट्रातून आलेल्या घरांची शीतला सप्तमी श्रावण शुद्धातली, नागपंचमीनंतर दोन दिवसांनी. आजीने दोन्ही पाळल्या. फोड्यांच्या तापाची ती देवी, तिला उष्ण काही चालत नाही, ही कथा ती सांगे. पण मला त्या दिवसाचे खरे वैभव असे वाटे की घरातील एकूण एक माणूस, आजोबांपासून पाळण्यातून नुकत्याच उतरलेल्या पोरापर्यंत, एकाच पंक्तीत कालचे अन्न जेवीत आहे आणि चुलीजवळ कोणी नाही. शेजारणी म्हणत की त्यांच्या या सप्तमीनंतर उन्हाळाभर शिळे खाऊ नये. ऋतू ओळखून घातलेली ती मर्यादा होती.

ती मर्यादा मी एकदा ओलांडली, आणि त्याचा दोष सर्वस्वी माझा. घरात एक कार्य होते, ज्येष्ठातले दिवस होते, दुपारी भाताचे मोठे पातेले अर्धे उरले आणि थकव्यामुळे मी ते तसेच, घट्ट झाकण ठेवून, कोपऱ्यात सारले. सकाळी वास घेतला, वास नव्हता; फोडणी दिली, चव उत्तम होती; आणि दोन-तीन तासांत घरातील सहा माणसे ओकाऱ्यांनी अंथरुणास खिळली. डॉक्टरांनी समजाविले ते तेव्हापासून मी कधी विसरले नाही. भातात एका जिवाणूची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात उबेत पडून राहिला की ती उगवतात, वाढतात, आणि जे विष टाकतात ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. वासावर विसंबून चालत नाही. आजी भात परातीत पसरून निववी आणि मगच झाकी, वरणाचे पातेले उन्हाळ्यात पाण्याच्या परातीत ठेवी, शंका आली तर गाईपुढेही ठेवीत नसे; मी तिच्या पाककृती उचलल्या होत्या, तिचा बंदोबस्त उचलला नव्हता. आता भात शिजल्यापासून दोन तासांच्या आत पसरट भांड्यात फ्रीजमध्ये जातो, दुसऱ्या दिवशीच संपतो, आणि एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत, गरम होतो.

फ्रीजविषयी लिहावयाचे तर या साधनाने आपल्याला अन्न राखण्याची शक्ती दिली आणि त्याच वेळी अन्न विसरण्याची सोयही दिली. शिंक्यावरचे भांडे येता-जाता डोळ्यांसमोर असे. जाळीच्या कपाटातली वाटी उद्याच्या उद्या संपवावीच लागे. आता वाटीवर वाटी चढते, मागची वाटी पुढच्या वाटीआड जाते, आणि आठवड्याने जे बाहेर निघते त्याकडे पाहून फेकण्याखेरीज दुसरा विचार सुचत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात २०२२ या वर्षी जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचे म्हटले आहे, आणि त्यातील सुमारे ६३ कोटी टन हॉटेलांतले वा दुकानांतले नसून घराघरांतले आहे. भारतातील घरांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. त्यात साली-देठ आले हे खरे. तरी चौघांच्या घराचे २२० किलो होतात, म्हणजे चाळीस शेरी जुन्या मणाने जवळजवळ सहा मण. सहा मण धान्य कोठीतून कमी झाले असते तर आजोबांच्या वेळी चौकशी बसली असती.

येथून ३५ किलोमीटरवर इंदुरात ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा जो प्रकल्प २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला त्याची सुरू होतानाची क्षमता रोजच्या ५५० टनांची होती आणि त्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. मला त्याचा अभिमान आहे. उघड्यावर कुजून वातावरण तापविणारा वायू सोडण्यापेक्षा ते अन्न इंजिन चालवील तर बरेच. परंतु पोळी ही बसगाडीसाठी लाटलेली नसते. आणि आमच्या देवासात तर हा विचार मला पाण्याच्या वाटेने सुचतो. १९९० साली या गावाचे पाणी इतके आटले की ते आगगाडीने आणावे लागले. घागरी-बादल्या घेऊन धावणाऱ्या त्या गर्दीत मीही होते. एक किलो गहू पिकविण्यास जगाच्या सरासरीने सुमारे १,८०० लिटर पाणी लागते असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. एका पोळीत तीस ग्रॅम कणीक धरली तर त्या पोळीत पन्नासाहून अधिक लिटर पाणी झाले. त्या उन्हाळ्यात पन्नास लिटर म्हणजे आमच्या घराची दीड दिवसाची चैन होती. तेव्हापासून उरलेली पोळी हातात घेतली की मला तिचे वजन निराळे लागते.

उरलेल्याचा आदर हा काही आपल्याच प्रांताचा मक्ता नाही. ओडिशात भात रात्रभर पाण्यात भिजवून पखाळ करतात, छत्तीसगढात त्याला बासी म्हणतात. इटलीत भाजी आणि कालचा पाव पुन्हा उकळून जे सूप करतात त्याच्या नावाचा अर्थच 'पुन्हा उकळलेले' असा आहे. आणि फ्रान्समध्ये शिळा पाव दूध-अंड्यात भिजवून तळतात त्याला 'हरवलेला पाव' म्हणतात. ते नाव मला हृद्य वाटते, तरी आमच्या कीर्दीतला शब्द मला अधिक खरा वाटतो. हरवलेली वस्तू सापडली तर तो योगायोग. शिल्लक कधी हरवलेलीच नसते, ती एका पानावरून दुसऱ्या पानावर आणावयाची असते.

आता ती आणण्याचे काम माझ्या सुनेने हाती घेतले आहे. ती इंदूरची, नोकरी करणारी, आणि हिशेबात माझ्याहून पक्की. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात, रात्री सर्वांची जेवणे उरकल्यावर, मी कालची भाजी निमूटपणे माझ्याच पानात घेताना तिने पाहिले आणि विचारले, "आई, हे फक्त तुम्हीच का खाता?" मी काहीतरी उत्तर दिले, पण मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण आजीने मोडलेली रीत माझ्या हातून, कोणी न सांगता, परत चालू झाली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला आजोबांच्या कीर्दी काढून दाखविल्या आणि पहिल्या ओळीवर तिचे बोट धरून फिरविले.

त्या रविवारी तिने बाजारातून एक दगडी पाटी आणली आणि ती फ्रीजशेजारी खिळ्याला टांगली. माथ्यावर तिने मोडी अक्षरे कीर्दीतून पाहून पाहून उतरविली आहेत, किंचित वाकडी. खाली रोज रात्री खडूने तपशील पडतो, आणि सकाळी जो प्रथम उठेल त्याने बेत ठरवावयाचा. काल तिथे लिहिले होते: भात दीड वाटी, मेथी थोडी, बाफले सात. आज पहाटे मला जाग आली ती खलबत्त्याच्या आवाजाने. बाहेर येऊन पाहिले तर माझा मुलगा ओट्याशी उभा राहून बाफले कुटीत होता, नात बाजूला बसून गुळाचा खडा फोडीत होती, आणि पाटीवरची तिसरी ओळ पुसली गेली होती.